मागच्या जागेचा विमा

सांगलीच्या गणपती पेठेत विमा एजंट म्हणून विष्णुपंतांना सत्तावीस वर्षं झाली होती. आपल्याला लांबून पाहून लोक गल्ली बदलतात, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पंत कुणाच्या ओसरीवर टेकले की चहाचा पहिला अर्धा कप हवापाण्यावर संपायचा आणि उरलेल्या अर्ध्या कपात यजमानाच्या मरणाचा विषय निघायचा. त्यामुळे घरातल्या बायका पंतांना चहा मुद्दाम कमी देत. पंतांना याचा राग नव्हता. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यात हे तरी सभ्य काम, असं ते स्वतःला समजावत.

म्हणून १९४६ च्या जून महिन्यात एक माणूस आपल्या पायांनी दारात आला आणि ‘विमा पायजे’ म्हणाला, तेव्हा पंतांना वाटलं, हा शेजारच्या डॉक्टरांकडे निघालेला चुकून इकडे शिरला.

आपल्या पायांनी म्हणणंही तसं खरं नाही. आधी आवाज आला. सगळी पेठ दारात येऊन उभी राहिली. लष्करी हिरव्या रंगाची एक अवजड मोटारसायकल पंतांच्या पायरीशी थांबली आणि तिच्यावरून पस्तिशीचा, रापलेला, किडकिडीत माणूस उतरला. त्याने स्वतःचं तोंड पुसायच्या आधी गाडी पुसली. मग तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. बोटाने एकेक नट चाचपला, साखळी उचलून पाहिली, चाकाच्या तारा गुडघ्यावर बसून तपासल्या. देवळात प्रदक्षिणा घालणारे पंतांनी पुष्कळ पाहिले होते, पण इतकं लक्ष देऊन कुणी घालत नाही. आणि एक गोष्ट त्यांना खटकली. मागच्या माणसाची जिथे बैठक असते, तिथे काहीच नव्हतं. चार भोकं आणि उघडं लोखंड.

“नाव काय तुझं?”

“आकाराम. शिराळ्याकडं आमची कुसळेवाडी. फौजेत डिस्पॅच रायडर व्हतो, जी. ह्या साबाचा कागुद त्या साबाला पोचवायचा. सात वर्सं त्येच केलं. सुटलो, तवा जे हातात पडलं त्यात खडकीच्या लिलावात ही घेतली.”

सांगली संस्थानात, शिराळा मात्र इंग्रजांच्या मुलखात. तिथे एक जुलैपासून विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायला बंदी होणार होती. पंतांच्या मोटारीच्या विम्याचं गिऱ्हाईक म्हणजे माधवनगरचे दोनचार गिरणीवाले आणि एखादा डॉक्टर. फटफटीचा विमा त्यांनी आयुष्यात उतरवला नव्हता. पण तसं तोंडावर दिसू देईल तो एजंट कसला! त्यांनी चष्मा चढवला आणि छापील कागद पुढे ओढला.

“हे बघ, विमा दोन तऱ्हेचा. एक कायद्यापुरता. तुझ्या गाडीखाली कुणी तिऱ्हाईत आला, तर त्याची भरपाई कंपनी देते.”

आकाराम पुढे सरकला. “म्हंजी वळखीचा ना पाळखीचा, त्याचीबी सोय?”

“होय.”

“रस्त्यानं कोण जानार त्ये अजून ठावंबी न्हाई, आन् त्याच्या नावानं आदीच पैका ठिवायचा?” आकारामने खुर्चीवर पाठ टेकली. “आरं बाबा! ह्यो कुनी शोधून काडला? लय मोटा मानूस आसंल.”

पंत जरा गोंधळले. सत्तावीस वर्षं ते विमा विकत होते आणि विम्याकडे असं बघायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

“दुसरा पुरा विमा. गाडी जळाली, चोरीला गेली, दरीत गेली, तरी तुझं नुकसान भरून मिळतं. तुझी सगळी पुंजी हिच्यात आहे. तू पुराच घे. माझं ऐक.” यात पंतांचं कमिशनही जास्त होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

“गाडी गेली तर म्या चालत जाईन, पंत. मागच्याचं काय त्ये बोला.”

“मागचा कोण?”

“गाडीवं मागं बसल त्यो.”

“तो आपल्या मर्जीने बसतो. त्याला कायदा मोजत नाही. त्याच्यासाठी वेगळं कलम जोडावं लागतं आणि ते आमची कंपनी सहसा जोडत नाही. फॉर्ममध्ये सरळ ‘मागे कोणी बसणार नाही’ असं लिही. सगळे तेच लिहितात.”

आकारामने टेबलावरचा फॉर्म उचलला. घडी करून खिशात घातला आणि पुन्हा गाडीची ती प्रदक्षिणा घालून निघून गेला. गेलं गिऱ्हाईक, असं पंत मनाशी म्हणाले.

आठव्या दिवशी तो परत आला. फॉर्मबरोबर शाळेच्या वहीचे सहा कागद दाभणाने शिवून आणले होते. ‘मागे बसणाऱ्याचे नाव’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘सोबत यादी’.

दोनशे बारा नावं होती. सगळी कुसळेवाडी. प्रत्येकापुढे वय आणि मागे बसायचं कारण. ‘बनाबाई, साठ, सुईण, कवाबी.’ ‘दगडाबाई, सत्तर, डोळं दावाया मिरज.’ ‘आप्पासो पाटील, पंचावन्न, कोरटाची तारीक.’ पंतांना हसू आवरेना. पोट धरून ते हसले. कंपनीच्या फॉर्मवर एक नाव लिहायचं तिथे या गड्याने शिरगणती केली होती!

“अरे, एका गाडीवर दोनशे बारा?”

“एका येळंला एकच की. खरं कोन कवा बसंल ह्याचा नेम हाय व्हय?” आकाराम हसला नाही. “तुमी सांगलीची मानसं. आमच्याकडं बैलगाडीत जागा मागायची रीत न्हाई. गाडी आपल्या वाटंनं चालली, का मानूस चढूनच बसतं. कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई. म्या गाडी घिऊन आलो, तवा समदं गाव मागं बसाया आलं. म्या बैठकच काडून ठिवली. चार म्हैनं झालं, पंत. गाव म्हनतंय आक्याला मस्ती चडली. मला जल्मताना झेललं त्या बनाबाईला म्या चिकलातनं चालत जाताना बघतो आन् बाजूनं फटफटी नेतो.”

पंतांचं हसू ओसरलं. पानं उलटत ते शेवटच्या नावाशी आले. तिथे ‘मानसिंग, शिरवळ’ एवढंच होतं. वय नाही, कारण नाही.

“हा तर तुमच्या गावचा दिसत नाही.”

आकारामने यादी आपल्याकडे ओढून घेतली. मग सांगितलं ते थोडक्यातच. लढाईत, परमुलखात, भर दुपारी एका सडकेच्या कडेला आपल्याकडचा एक शिपाई उभा होता. बूट फाटलेले, पायाला फडकी बांधलेली. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. ‘गड्या, जरा म्होरं सोड की,’ म्हणाला. मागे कुणाला घ्यायचं नाही असा हुकूम होता. पण आपल्या वाटेने निघालेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे आकारामला ठाऊकच नव्हतं. दोन मैलांवर तोफेच्या खड्ड्यात चाक गेलं. आकाराम खरचटला. मानसिंग जागच्या जागी गेला.

“कागदावं त्याचं नावच न्हवतं. त्यो तितं का व्हता, कुनाच्या हुकमानं बसला, कायसुदीक न्हाई. पेनशनीचं काम अडाकलं. सुटून आल्यावं म्या शिरवळला गेलो. त्याची बायकू शालूबाई सडंकवं खडी फोडत व्हती. म्या समदं सांगितलं. शिवी दिली आसती तरी बरं झालं आसतं. ती येवडंच म्हनली, ‘दादा, तुमच्या मागं बसलं व्हतं, मग कागदावं का न्हाई?’” त्याने यादीवर पंजा ठेवला. “म्हनून लिवलं. कुनाचं ऱ्हाऊ ने.”

पंत उठून खिडकीशी गेले. बाहेर पेठ नेहमीसारखी चालली होती आणि त्यांना मात्र आपण काहीतरी प्रचंड पाहिल्यासारखं वाटत होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी माणसांना मरणाची भीती घातली होती. हा माणूस मात्र स्वतःच्या मरणाबद्दल एक अक्षर न बोलता दोनशे अकरा जणांच्या जिवाची फिकीर करून बसला होता, आणि वर एका मेलेल्याचीही. पंत मागे वळले ते वेगळ्याच आवाजात बोलले. मघापासूनचं ‘तू’ कुठे गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

“आकारामराव, बसा तुम्ही. मी मुंबईला लिहितो.”

मुंबईच्या कचेरीने उत्तर धाडलं. दोनशे बारा नावांचं प्रकरण विनोद म्हणून सोडून देत आहोत. मात्र एजंटाने स्वतः जाऊन गाडी तपासावी. ठीक वाटल्यास मागच्या एका व्यक्तीचं कलम, नावानिशी, विचारात घेऊ. लेखी मंजुरी येईपर्यंत ते कलम लागू समजू नये.

तीस जूनला पंत प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने शिराळ्याला उतरले. आकाराम न्यायला आला होता, पण बैलगाडी घेऊन.

“फटफटी कुठाय?”

“तिच्यावं एकच जागा हाय, जी.”

कुसळेवाडीच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या शेजारी, पंतांनी गाडी तपासली. तपासली म्हणजे आकाराम दाखवत गेला आणि पंत मान हलवत गेले. इस्लामपूरहून आणलेली नवी बैठक बसवलेली होती, पण तिच्यावरचं फडकं अजून सोडलेलं नव्हतं. संध्याकाळी गाव गोठ्यापुढे जमलं. एकच नाव बसणार, हे पंतांनी सांगितलं, आणि एकदम गलका उठला. गावचा कारभार आपल्यावर आहे, तेव्हा नाव आपलंच असं आप्पासो पाटलांनी धरून बसावं, यात नवल काही नव्हतं. आकाराम म्हशींना वैरण टाकत होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्याच्या बायकोकडे, लीलाबाईकडे वळल्या. नवऱ्याच्या मागची जागा बायकोची, यावर कोण काय बोलणार?

लीलाबाईने पुढे होऊन त्या बैठकीवरून एकदा तळहात फिरवला. तिला बसायचं होतं. किती बसायचं होतं, ते पंतांना त्या एका हातावरून कळलं.

“बनाबाईंचं घाला,” ती म्हणाली. “मला कुटं जायाचंय?”

“लिवा मग,” आप्पासो पंतांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक जुलै. कायद्याचा पहिला दिवस. सकाळी आभाळ भरलेलं, खाली गुडघाभर चिखल. पंत ओसरीवर भाकरी खात होते, तोच डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक म्हातारा धापा टाकत येऊन पडला. त्याची सून कालपासून अडली होती. पोर आडवं आलं होतं.

धनगरवाडा सात मैल, सगळा चढ. बैलगाडी तिथे चढत नाही आणि साठीची बनाबाई चालत पोचेपर्यंत दुपार टळली असती. पण ती आलीच होती, पदर खोचून, गाठोडं काखेत मारून.

“काय रं आक्या, बघतूस काय? काड की ती फटफटी!”

आकारामने गाडी बाहेर काढली. एवढी घाई असूनही तो गाडीभोवती फिरला, एकेक नट चाचपला. मागच्या बैठकीवरचं फडकं सोडून तिचे नट त्याने दोनदा आवळून पाहिले. तो पंतांसमोर येऊन उभा राहिला.

“पंत, कागुद?”

“मुंबईची मंजुरी यायची आहे, आकारामराव. मला अधिकार नाही.”

“व्हय जी.” त्याने मान डोलावली. “खरं म्या न्हाई म्हनू शकत न्हाई. त्या रोजीबी जमलं न्हाई, आजबी जमायचं न्हाई. म्या तिला घिऊन जानार.”

तक्रार नव्हती, विनवणी नव्हती. होतं ते त्याने सांगितलं आणि तो वळला.

पंतांच्या पिशवीत कव्हर नोटांचं पुस्तक होतं. पक्की पॉलिसी येईपर्यंत द्यायचा कच्चा कागद. कायद्यापुरतं लिहायची त्यांना मुभा होती, मागच्याचं कलम लिहायची नव्हती. लिहिलं आणि वर काही झालं, तर कंपनी हात झटकणार, एजन्सी जाणार आणि बनाबाईच्या घरच्यांना जे द्यायचं ते पंतांना आपलं राहतं घर विकून द्यावं लागणार. पंत तसे भित्रे गृहस्थ. कुत्रं भुंकलं तरी रस्ता ओलांडणारे. त्यांनी भाकरीचा हात धोतराला पुसला, पुस्तक गुडघ्यावर घेतलं आणि लिहिलं, ‘मागे बसणारी व्यक्ती : बनाबाई, वय साठ, राहणार कुसळेवाडी.’ खाली वेळ घातली आणि ठसठशीत सही केली.

आकारामने तो इंग्रजी कागद घेतला. इंग्रजी त्याला पत्त्यांपुरतं येत होतं. बोट ठेवून त्याने ते एक नाव शोधलं, दोनदा वाचलं आणि कागद स्वतःच्या खिशात न घालता बनाबाईच्या हातात दिला.

“तुज्यापाशी ऱ्हाऊ दे, आत्ती.”

“मला काय वाचाया येतंय?” म्हणत तिने तो पानाच्या चंचीत कोंबला आणि कासोटा सावरून, घोड्यावर मांड टाकावी तशी, त्या बैठकीवर बसली. “चल!”

त्यानंतर पंतांनी जे पाहिलं, ते पुढे कित्येक वर्षं ते लोकांना सांगत, आणि सांगताना प्रत्येक वेळी उठून उभे राहत. गाडी चिखलात शिरली ती घसरत नव्हती, चिखल ओळखून चालली होती. कुठे पाय टेकायचा, कुठे वेग द्यायचा, कुठे नुसतं श्वासाइतकं थांबायचं, आकारामला आधीच ठाऊक असल्यासारखं. आणि त्याच्या पाठीला घट्ट धरून, पांढरे केस वाऱ्यावर सोडून, आयुष्यात मोटारीत चारदासुद्धा न बसलेली ती म्हातारी ताठ बसलेली. सगळं गाव टाचा उंचावून बघत होतं. चढाच्या वळणावर दोघं एकदा दिसली, त्याहून वर एकदा ठिपक्याएवढी दिसली, आणि मग ढगात गेली. पंतांनी नकळत हात जोडले होते.

मग सुरू झालं वाट बघणं. आवाज थांबला की पंत ओसरीच्या कडेला जाऊन डोंगराकडे कान लावत. कंपनी म्हणजे मुंबईतली एक दगडी इमारत, असंच ते आजवर समजत आले होते. आज कंपनी ओसरीवर बसली होती, तिला घाम फुटला होता आणि लीलाबाईने दिलेला चहा तिच्यापुढे गार होत होता. सत्तावीस वर्षं आपण विकत होतो ते हे, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि आपल्या धंद्याचं त्यांना पहिल्यांदाच भय वाटलं. फार मोठं काहीतरी आपण फार हलक्या हाताने विकत आलो, असं वाटलं. (पुढे पंधरवड्याने मंजुरी आली, सोबत पंतांची खरडपट्टी काढणारं दोन पानी पत्रही आलं. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं!)

दुपार कलताना आवाज आला. आधी कुत्री धावली, मग गाव. बनाबाई चिखलाने माखली होती आणि तिचा आवाज गाडीच्या वर चढत होता.

“दोगंबी हायती! पोरगी झाली! नाकी डोळी लय ग्वाड!”

पंतांना ओसरीवरच रडू आलं. लोकांनी पाहिलं तर पाहिलं, त्यांना पर्वा नव्हती.

आता त्यांना शिराळ्याहून सांगलीची शेवटची मोटार गाठायची होती. चार मैल. बैलगाड्या सगळ्या रानात गेलेल्या. आप्पासो म्हणाले, “त्यात काय, आकाराम सोडंल की फटफटीवं. आता कागुद झाला!” लोकांनी माना डोलावल्या. एवढा कागद ज्याने लिहून दिला, त्या पंतांना मान मिळालाच पाहिजे. पंतांनाही मनातून फार हौस आली. आपणही त्या बैठकीवर बसावं, तो वारा अंगावर घ्यावा. ते पिशवी सावरून पुढे झाले.

आकाराम जागचा हलला नाही.

“तुमचं नाव न्हाई कागदावं, पंत.”

आप्पासो ओरडले, “आरं, त्येनीच कागुद दिलाय!”

“व्हय. त्यावं बनाबाई लिवलंय.” आकाराम खाली मान घालून, पण ठाम उभा होता. मग त्याने पंतांकडे पाहिलं. “पंत, तुमचा सोताचा विमा किती हाय?”

पंत गडबडले. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. हजार माणसांच्या सह्या घेतल्या, आपली एकाही पॉलिसीवर नव्हती. “नाही,” ते म्हणाले. “माझा कुठलाच नाही.”

“आन् घरी कोन?”

“बायको. दोन मुली.”

“मग?” आकारामचा आवाज एकदम चढला, आणि त्यात राग होता. “तुमचा जीव काय वाटंवं पडलाय?”

पंत त्या चिखलात तसेच उभे राहिले. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या जिवावर कुणी असं रागावलं नव्हतं. दोनशे बारा नावं त्यांनी वाचली होती. त्यांतलं प्रत्येक नाव या माणसाला किती जड होतं, ते त्यांना आत्ता कळलं, कारण त्याने आत्ता त्यांचंही नाव त्या यादीत धरलं होतं.

आकारामने गाडी गोठ्यात लावली. पंतांची पिशवी खांद्याला अडकवली. पंतांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि दोघं शिराळ्याच्या वाटेला चालत निघाले.